दोन भोकांचा लॅपटॉप

१२ जानेवारी, सोमवार

जुना लॅपटॉप शनिवारी वारला. नऊ वर्षं चालला, शेवटी पडद्यावर जांभळ्या रेघा ओढत गेला. वकारनं, माझ्या धाकट्या भावानं, पुण्याहून लगेच नवा पाठवला. इतका पातळ की दवाखान्यातल्या मदतनीस शिवम्मा म्हणाल्या, "म्याडम, हे तर निसतं झाकण आलं. खालचं डबडं कुठाय?"

झाकणच म्हणायचं. याच्या डाव्या अंगाला टाइप-सीची दोन बारकी भोकं, उजव्या अंगाला हेडफोनचं एक. संपलं. त्यातलं एक चार्जरला दिलं की माझ्या हाती उरलं एक. आणि मला लावायचे आहेत कान तपासायचा ऑडिओमीटर, श्रवणयंत्रात ज्याच्या त्याच्या मापाचा आवाज भरायचा प्रोग्रामिंग बॉक्स, प्रिंटर आणि इंटरनेटचा डोंगल. चौघांच्याही पिना जुन्या, चौकोनी, जाड.

वकारला फोन केला. म्हणाला, "आपा, आता असेच येतात." म्हणजे कमी देणं ही आता सुधारणा.

खाली इतवारा बाजारात अब्बांचं घड्याळांचं दुकान, वरच्या खोलीत माझं श्रवण तपासणी केंद्र. पाटीवर उजमा शेख, ऑडिओलॉजिस्ट असं लिहिलंय, बाजारात मला कानवाली म्हणतात. संध्याकाळी अब्बांपुढे रडगाणं गायले, "अब्बा, इसमें पोर्टाच नै." भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "पोट्टे नै तो अच्छाच है. दवाखाने में शांती." पोट्टे म्हणजे पोरं. माझं काय चाललंय आणि यांना विनोद सुचतात.

घरात आम्ही दखनीत बोलतो, डायरी मात्र शाळेपासून मराठीत, म्हणून घरचं बोलणंही बहुतेक मराठीतच उतरतं. अम्मीला फक्त उर्दू वाचता येतं. अब्बांना मराठी वाचता येतं, पण माझं अक्षर लागत नाही. तेव्हा इथं मी कुणालाही काहीही म्हणू शकते.

आठ फेब्रुवारीला मुखेडला शिबिर आहे. एका ट्रस्टनं चौदा माणसांसाठी श्रवणयंत्रं दिलीत. त्यांचे कान मी डिसेंबरातच तपासले, आता यंत्रं बसवायची. नीट झालं तर उमरी आणि मुदखेडची शिबिरंही मला मिळतील. बिघडलं तर मोठ्या शहरातले एक डॉक्टर टाय बांधून तयारच बसलेत.

१३ जानेवारी, मंगळवार

सिद्धलिंगच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून एक छोटं अडॅप्टर आणलं. एका बाजूनं सी, दुसऱ्या बाजूनं जुनी चौकोनी पिन. बोटाच्या पेराएवढं. लावलं, चाललं. पण एका वेळी एकच वस्तू. ऑडिओमीटर काढा, बॉक्स लावा, बॉक्स काढा, प्रिंटर लावा. आज एका आजोबांना इतका वेळ बसवून ठेवलं की ते खुर्चीत झोपले, बटण दाबेनात, आणि मी त्यांचा कान पूर्ण बहिरा म्हणून लिहिणार होते.

हब पाहिजे. एका भोकातून सात भोकं काढणारी डबी.

१५ जानेवारी, गुरुवार

जाताना अब्बांना सांगितलं, "हब लाने जा रइ." ते म्हणाले, "अब? अब कायको, असर के बाद जा." असर म्हणजे दुपारनंतरची नमाज. मी वाद घातला नाही. म्हाताऱ्या माणसांना आपण कुठंही गेलेलं आवडत नाही.

सिद्धलिंगनं सात भोकांची डबी दिली. "म्याडम, सगळं चालते याच्यावर. वॉशिंग मशीन बी लावा." लावलं. अर्ध्या तासात डबी इतकी तापली की शिवम्मांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला, आणि चहा खरंच गार झाला नाही.

कान तपासायला पेशंट नव्हता, म्हणून अब्बांना वर ओढून आणलं. काचेच्या केबिनमध्ये बसवलं, हेडफोन चढवला. "आवाज आला की बटण दाबा." शहाण्या मुलासारखे बसले. आलेख बघून मी कपाळाला हात लावला. खालचे जाड सूर ठीक, आणि दोन हजार हर्ट्झच्या पुढं, बारीक सुरांना, रेघ बागेतल्या घसरगुंडीसारखी खाली. चार हजारांवर साठ डेसिबल! दोन्ही कानांना!

हबमध्ये खोट आहे. लावल्या लावल्या स्वतःवर करून पाहिलं तेव्हा नीट आलं होतं, पण तेव्हा हब थंड होता.

१६ जानेवारी, शुक्रवार

हब परत करायला गेले. सिद्धलिंग म्हणाला, "म्याडम, हब बंद पडते, जळते, पण आवाज कमी करत नसते. मी पंधरा वर्षांपासून हेच करून राहिलो."

मी म्हटलं, "तुम्ही कानाचे डॉक्टर आहात का?"

"न्हाई."

"मग?"

त्यानं निमूट बदलून दुसरा दिला. हा जास्त जड आहे. वजनानं माझा विश्वास बसतो, हा माझा जुना दोष आहे.

१९ जानेवारी, सोमवार

दुसरा हब कमी तापतो, पण प्रिंटर सुरू झाला की ऑडिओमीटर गायब. पडद्यावर येतं, उपकरण सापडत नाही. प्रिंटर थांबला की सापडतं. म्हणजे एका भोकातून येणारी वीज सगळ्यांना पुरत नाही. बघा, मी म्हणतच होते, हबच्या विजेत घोळ आहे.

प्रिंटर काढून ठेवला आणि अब्बांना पुन्हा वर आणलं. या वेळी ते बोलावल्याबरोबर आले, केस विंचरून. आलेख पुन्हा तोच. पहिल्यावर दुसरा कागद ठेवून खिडकीला धरला, पाच डेसिबलचाही फरक नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे हब आणि चूक अगदी सारखी? मग लॅपटॉपच सदोष असणार. वकारला फोन करून झापलं. तो म्हणाला, "आपा, लॅपटॉपचं बघू. पण हल्ली अब्बा फोनवर बोलतच का नाहीत? हॅलो म्हणतात आणि अम्मीला देतात."

विषय लॅपटॉपचा होता. वकारला लहानपणापासून विषय बदलायची सवय आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

खाली दुकानात दुरुस्तीला आलेलं गजराचं घड्याळ दहा मिनिटं बोंबलत होतं. अब्बा त्याच्या शेजारी बसून शांतपणे दुसऱ्या घड्याळात स्क्रू बसवत होते. गिऱ्हाईक हसून बघत होतं. मी जिन्यातून ओरडले, शेवटी शिवम्मांनी जाऊन बंद केलं.

"तुमचे अब्बा लई मन लावून काम करत्यात," शिवम्मा म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"हो, कामात बुडाले की त्यांना जगाचं भान नसतं."

"हाव," शिवम्मा म्हणाल्या. "भान न्हाई."

त्या देगलूरकडच्या. तिकडची माणसं अर्धं बोलून उरलेलं आपल्या अंगावर टाकतात.

शिबिराला सोळा दिवस. मंगळवारी लातूरला सुकन्याकडे जाते. आम्ही एकत्र शिकलो. तिच्याकडे म्हणे खरा डॉक आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूर. पाठीचा पापड झाला. सुकन्याचा दवाखाना क्लासेसच्या गल्लीत आहे, तिच्याकडे दिवसभर डॉक्टर व्हायला निघालेली पोरं इयरफोननं कान बिघडवून येतात. तिचं बरं चाललंय.

डॉक म्हणजे विटेएवढा ठोकळा. त्याला स्वतःचा चार्जर, थेट भिंतीतून वीज घेणारा. सुकन्यानं नीट समजावलं. हब लॅपटॉपकडून वीज मागून आणतो आणि चौघांत वाटतो, म्हणून कुणी ना कुणी उपाशी. डॉक स्वतः कमावतो, लॅपटॉपलाही तोच चार्ज करतो, एकाच भोकातून. दुसरं भोक मोकळंच. तिच्याकडे जुना एक पडून होता. "महिनाभर वापर," म्हणाली.

मग मी पुरावा म्हणून ते दोन आलेख काढले. बघ, म्हटलं, हबनं काय करून ठेवलंय.

तिनं चष्मा लावला. "पेशंटचं वय?"

"पेशंट नाहीत गं, अब्बा आहेत."

"वय काय?"

"त्रेसष्ट. पण ते घड्याळं दुरुस्त करतात, सुकन्या. कानाला लावून सांगतात कुठलं चाक अडतंय."

"अजून लावतात?"

मी आठवायला लागले. हल्ली ते घड्याळ बोटांच्या टोकांवर धरून डोळे मिटतात. मला वाटायचं, अनुभव वाढला की असं होत असेल.

सुकन्यानं चहा मागवला. म्हणाली, "तू हब बदलून बघितलास. माणूस एकदा बदलून बघ."

मला राग आला. तिला नेहमीच माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त असायचे.

२८ जानेवारी, बुधवार

डॉक लावला. चारही वस्तू एकदम चालल्या, प्रिंटरसकट. शिवम्मांना केबिनमध्ये बसवलं. त्यांचे कान मांजरीचे, रेघ वरच्या वर सरळ.

मग अब्बांना बोलावलं.

डॉक चांगला आहे.

३० जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. मी रोज अनोळखी माणसांना सांगते, घरच्यांनी लवकर ओळखायला हवं होतं. जरा कठोर आवाजात सांगते. आता तो आवाज आठवून कानशिलं तापतात.

आज नमाजनंतर अब्बा दुकान उघडायला आले तेव्हा मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले. तिन्ही कागद काउंटरवर ठेवले. कसं सुरू करावं कळेना, रोज वीस वेळा करते तरी.

त्यांनीच सुरू केलं. "मशीन ठीक आहे ना आता?"

"ठीक आहे."

"मग कानच." ते हसले. "मला दोन वर्षं झाली कळून. आधी छोटी लेडीज घड्याळं गेली. मग मोठी. आता बोटानं बघतो."

"मला का नाही सांगितलं? मी वरच बसते की!"

"तू वर बसतेस म्हणूनच. कानवालीचा बाप बहिरा, बाजारात काय म्हणतील? आणि बहिऱ्याकडे घड्याळ कोण देईल?" मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "तू पहिल्यांदा म्हणालीस ना, डबी खराब आहे. मला फार बरं वाटलं. म्हटलं, असेल बाबा, डबीच खराब असेल. दुसऱ्यांदा म्हणून तर केस विंचरून आलो."

मी त्यांना म्हटलं, दोन चांगली यंत्रं बसवू, कानामागं बसतात, टोपीत दिसतही नाहीत. ते म्हणाले, "नक्को."

का?

"नक्को म्हणजे नक्को." आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. भिंग लावलं की समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. म्हणजे बोलणं बंद. दोन वर्षं हे चालू आहे आणि मी त्याला तल्लीनता म्हणत होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अजून नक्को. मी रागावून बघितलं, गोड बोलून बघितलं, माहितीपत्रक उर्दूत लिहून दिलं. त्यांनी व्याकरणाच्या दोन चुका काढून परत दिलं.

रविवारी मात्र शिबिराला येतो म्हणाले. "तुझ्या डब्या उचलायला." शिवम्मांच्या गुडघ्याचं निमित्त केलं. शिवम्मांचा गुडघा उत्तम आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

मुखेडहून नुकते परतलो. हात दुखतोय, तरी आजच लिहिते.

शाळेची खोली, बाकं सरकवलेली. एका टेबलावर लॅपटॉप, डॉक आणि चार वायरी. चौदा जण आणि त्यांच्याबरोबर आलेले पन्नास. सकाळी साडेनऊला सुरू केलं. पहिले सहा जण लोण्यासारखे झाले. मी मनात डॉकची आरती गायला लागले होते.

सातव्या पंचफुलाबाई. सत्तरीच्या, कपाळभर कुंकू, बसल्या बसल्या मला म्हणाल्या, "बाई, लई बारीक ऐकू येऊ दिऊ नको. सून काय म्हणती ते मला नगं." मी त्यांच्या यंत्रात आवाज भरायला घेतला. पडद्यावरची पट्टी नव्वद टक्क्यांवर गेली होती. तेवढ्यात ट्रस्टचे किशनराव, कडक इस्त्रीचे, फोटोसाठी सगळ्यांना मागं सरकवता सरकवता स्वतः मागं आले आणि डॉकच्या वायरीत पाय अडकून माझ्या टेबलावर पडले.

सगळं बंद. पंचफुलाबाईंनी कानाला हात लावला. "अगं, व्हतं नव्हतं ते बी गेलं की!"

त्यांचे कान गेले नव्हते, यंत्र अर्धवट भरून मेलं होतं. पण हे पन्नास जणांना कोण सांगणार? डॉकच्या वायरीचं टोक, लॅपटॉपमध्ये जाणारं, दाबून चपटं झालं होतं. भोकात शिरेना. बोटानं सरळ करायला गेले तर आणखी वाकलं. छोटं अडॅप्टर घरी राहिलं, कारण मी आता डॉकवाली मोठी बाई झाले होते. अजून आठ माणसं. किशनराव कपडे झटकत म्हणाले, "म्याडम, नसेल जमत तर आम्ही मोठ्या डॉक्टरांना पुढच्या महिन्यात..."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं, असं लिहून ठेवते.

अब्बा कोपऱ्यातून उठले. वायर माझ्या हातातून घेतली, खिडकीपाशी बाक ओढलं, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि चिमटा काढला. लोकांनी त्यांना गराडा घातला. एक म्हणाला, पकडीनं दाबा. एक म्हणाला, गरम करा. एकानं तोंडानं फुंकायला सांगितलं. किशनराव म्हणाले, नवीनच मागवा. पन्नास माणसं पन्नास सल्ले देत होती आणि अब्बांना त्यातला एकही ऐकू जात नव्हता. शाळेच्या त्या गोंगाटात ते एकटे त्यांच्या दुकानात बसलेले होते. चिमट्याचं टोक आत घालून त्यांनी तो पत्रा केसाकेसानं उघडला, वळवून बघितला, पुन्हा उघडला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

मग येऊन स्वतःच लावलं. टक् करून बसलं. चारही दिवे लागले.

पंचफुलाबाईंचं यंत्र मी पहिल्यापासून भरलं. कानावर चढवलं, हळूच नाव घेतलं. त्यांनी मान वर केली. खोलीभर बघितलं, मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या बांगड्या लई वाजत्यात गं." आणि मग अब्बांकडे वळल्या. "भाऊ, तुमी कवापासून बहिरे?"

मी मध्ये बोलणार होते. त्या मला म्हणाल्या, "तू थांब. मगा मी ह्यांना दोनदा इचारलं, गाव कोणतं. ह्यांनी निसतं हसून मान हलविली. आठ वर्सं मी बी तेच केलं. आपलं माणूस वळखू येतं की." मग अब्बांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, सावकाश, "कवा? पासून?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. किशनरावांकडे, गर्दीकडे बघितलं. मग दोन बोटं वर केली.

"दोन वर्सं? मग बसा की हितं! पोरगी हाय ना तुमची?" आणि त्यांनी स्वतःची खुर्ची हातानं थोपटली.

अब्बा बसले नाहीत, उरलेल्या सात जणांची यंत्रं मोजकीच होती. पण जीपमध्ये, कंधारच्या अलीकडं, मी न विचारता म्हणाले, "टोपीत दिसत नाहीत म्हणालीस ना?"

उमरीचं शिबिर मलाच मिळालं. किशनरावांनी तसं जाहीर केलं, डॉकपासून चार हात लांब उभं राहून.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अब्बांना यंत्रं बसवली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. जिना उतरताना स्वतःच्या चपलेच्या आवाजानं दोनदा थांबले, तेवढंच. दुकानात तासभर गेल्यावर मला खाली बोलावून म्हणाले, "तू घरात एवढं ओरडून का बोलतेस?" दोन वर्षं ज्यांच्यासाठी ओरडले तेच विचारतात.

अम्मीला सांगायचं नाही असं ठरलं होतं. अब्बांची ती अट होती. टोपी खाली ओढून जेवायला बसले.

अम्मी वाढत होती आणि नेहमीसारखी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मला त्या पुटपुटण्याची इतकी सवय झालीय की मी ऐकतच नाही. वरण वाढताना ती म्हणाली, "इनकू बोल के क्या फायदा. दिवार कू बोली तो बी कुछ जवाब आता."

अब्बा मान खाली घालून घास कालवत होते. हळूच म्हणाले, "बोल."

अम्मीचा वरणाचा डाव हवेतच राहिला. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

"क्या बोलूं?"

"जो बोल रइ थी वो. दिवार सुन रइ."

अम्मी खाली बसली. डाव हातातच होता, त्यातून वरण सतरंजीवर गळत होतं. म्हणाली, उदगीरला बहिणीकडे जायचं म्हणून वर्षभरात चार वेळा सांगितलं, तुम्ही चारही वेळा मान हलवली आणि गेलो कधीच नाही. अब्बा म्हणाले, "मला वाटायचं, तू मीठ कमी पडलं का विचारतेस." अम्मी हसायला लागली आणि मग ते हसणं भलतीकडंच गेलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, म्हणाली, फोडणीत मिरची जास्त झालीय. आज फोडणीत मिरची नव्हती.

मग ती बोलायला लागली. वकारच्या लग्नाचं, गच्चीच्या गळतीचं, शेजारच्या जुबेदाचं, स्वतःच्या गुडघ्याचं, आणि मला न कळणारं, माझ्या जन्माआधीचं काहीतरी. अब्बा मध्ये मध्ये "फिर?" म्हणत होते.

भाकरी गार झाली. मला कुणी वाढेना. मीच उठून घेतलं.